मुलाचे ‘नको’ ऐकायला शिक

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा व्हिडिओ मिळाला. तुझ्या मुलाने टॅबलेटवरचा चौकोन दाबला, यंत्रातून ‘पप्पा’ असा शब्द आला आणि मागून तुझा भरून आलेला आवाज ऐकू आला, तेव्हा मी कारखान्यात लेथ बंद करून तो पुन्हा पाहिला. तुझ्या आनंदात मी पुरता सामील आहे. माझी मुलगी आज एकोणीस वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही, आणि गेली अकरा वर्षे ती अशाच, चौकोन दाबला की त्यावरचा शब्द उच्चारणाऱ्या यंत्रावरून बोलते, म्हणून काही गोष्टी अधिकाराने लिहितो, रागावू नकोस.

व्हिडिओच्या शेवटी तू त्याला “परत म्हण, आत्याला दाखवायचंय” असे म्हणालास आणि त्याने मान फिरवली. हीच चूक मी दोन वर्षे केली. घरी पाहुणे आले की टॅबलेट मांडीवर ठेवून “हे कोण? हा रंग कुठला?” असे विचारायचो आणि तिने बरोबर उत्तर दिले की माझी छाती फुगायची. पुढे पाहुण्यांची चाहूल लागली की ती मूठ आवळून बसू लागली, कारण तिच्या लेखी ते यंत्र म्हणजे रोजची तोंडी परीक्षा झाले होते. ज्याची जीभच परीक्षेला बसवली आहे, तो मनातले कशाला सांगेल?

तान्हे मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी साधारण वर्षभर घरातल्यांचे बोलणे नुसते ऐकत असते, आणि त्या काळात त्याच्याकडे कोणी उत्तर मागत नाही. यंत्राच्या भाषेलाही तेवढी सवड द्यावी लागते. तू स्वतः त्याच्यासमोर चौकोन दाबत बोल: चहा पिताना ‘अजून’, दार लावताना ‘संपले’, चप्पल सापडली नाही तर ‘कुठे’. त्याने काही दाबावे अशी अपेक्षा न ठेवता हे महिनोन्महिने करावे लागते. काही विचारलेसच तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजून थांब. आपल्याला ती शांतता जड जाते, पण त्याचा हात तेवढ्यातच निघालेला असतो.

शब्द निवडताना आपण सगळे फळे, भाज्या आणि प्राण्यांच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. तिच्या पडद्यावर जिराफ होता आणि ‘नको’ नव्हते. दिवसभराचे बोलणे हवे, नको, माझे, थांब, जा, वेगळे अशा थोड्या शब्दांवरच चालते, म्हणून ते पहिल्या पानावर हवेत आणि त्यांची जागा कधीही बदलता कामा नये. लेथवर काम करताना कुठला हँडल कुठे आहे हे मी बघत नाही, हात आपोआप तिथे जातो. बोटालाही तशीच सवय लागते, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेपायी चौकोन इकडेतिकडे केलेस तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल.

बाकीचे शब्द मात्र आपल्या घरचे घाल. तिच्या यंत्रात तयार मिळालेला ‘भाजी’ हा शब्द होता. ‘तांबडा रस्सा’ आणि ‘पांढरा रस्सा’ हे दोन चौकोन मी घातले, त्या दिवसापासून जेवणाच्या वेळचे तिचे अर्धे रडणे थांबले. तिला पांढरा हवा असायचा आणि आम्ही कोल्हापूरच्या अभिमानाने ताटात तांबडा वाढत होतो. ‘नाद खुळा’ हा चौकोन तिच्या मावसभावाने घातला. यंत्र ते शब्द बातम्या दिल्यासारखे उच्चारते आणि सगळे हसतात, म्हणून मी मागे एकदा नवा, जास्त गोड आवाज आणून ऐकवला. तिने दोनच चौकोन दाबले: ‘नको’, ‘माझा’. यंत्रावरून बोलणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनीही अधिक चांगले आवाज उपलब्ध झाल्यावर आपला जुना यंत्राचा आवाज सोडला नव्हता, हे मला नंतर समजले.

“याने मूल तोंडाने बोलायचेच नाही” असे तुझ्या आईंना वाटते, त्यात त्यांची चूक नाही. माझ्या आईलाही तेच वाटायचे. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 मध्ये या विषयावरचे अभ्यास तपासले. त्यांतल्या सर्वांत भरवशाच्या अभ्यासांमधील 27 जणांपैकी एकाचेही तोंडी बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. हे त्यांना सांग, पण त्यावरून मुलाच्या उच्चारांची वाट बघत बसू नकोस. माझी मुलगी आजही तोंडाने तीनचारच शब्द काढते.

महागड्या परदेशी यंत्रामागे धावू नकोस. आयआयटी मुंबईत घडलेले ‘जेलो’ हे ॲप मराठीत आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कागदावर छापून लॅमिनेट केलेला एक तक्ताही जवळ ठेव. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला आणि आमच्या भागातली वीज गेली, तेव्हा टॅबलेट बंद पडला आणि ती त्या तक्त्यावर बोलली. शाळेत कोणी “टॅबलेट दप्तरात ठेवा” म्हणाले तर भांड. आम्हाला एका शाळेत तसे सांगितले गेले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधने धरलेली आहेत. आणि घरी शिक्षा म्हणूनही ते कधी काढून घेऊ नकोस. रागावलो म्हणून आपण कोणाचे तोंड बांधत नाही.

मला तिचा खरा अभिमान कधी वाटला, असे तू विचारले आहेस. गेल्या पावसाळ्यात आम्ही मिसळ खायला गेलो होतो. पोऱ्याने तिच्याकडे न बघता मला विचारले, “हिला काय द्यायचं?” मी सवयीने तोंड उघडले, तोच तिने ‘बाबा’ आणि ‘थांब’ दाबले. मग बराच वेळ बोट पडद्यावर फिरत राहिले, मागे गिऱ्हाइके खोळंबली, मला घाम फुटला, आणि यंत्र म्हणाले, ‘तिखट नको’. कोल्हापुरात भर दुकानात असे म्हणायला धाडस लागते. शेजारच्या टेबलावरचे एक काका वळून बघू लागले. पोऱ्या मात्र खाली वाकून तिलाच विचारत होता, “पाव किती आणू, ताई?” आठ वर्षांची असताना तिने पाहुण्यांसमोर सगळे रंग बरोबर ओळखले होते, तेव्हा मला असे काही वाटले नव्हते.

मुलाचे बोट शेजारच्या चौकोनावर घसरते, असे तू लिहिले आहेस. त्यावर उपाय सोपा आहे: पडद्यावर बसणारी अॅक्रिलिकची पातळ पाटी करायची आणि प्रत्येक चौकोनावर भोक ठेवायचे, म्हणजे हात पाटीवर टेकला तरी भलता शब्द दाबला जात नाही. मुलीसाठी मी अशा चार पाट्या केल्या, आणि तिच्या व्हीलचेअरला टॅबलेट धरणारी पट्टीही आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरातच वळवून घेतली. तुझ्यासाठीही करून देईन. सुट्टीच्या दिवशी ये आणि मुलाला घेऊन ये; टॅबलेटचे माप तू फोनवरही सांगशील, पण भोके किती मोठी पाडायची हे ठरवायला त्याचे बोट समोर लागते.

तुझा,
काका