गुलाबाचा हिशेब कुठून मांडायचा

अनेक आशीर्वाद.

निर्यातीच्या फुलशेतीत नोकरी करावी का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण ‘विमानाने फुलं पाठवणं म्हणजे पर्यावरणाचा सत्यानाश’ हे धरून चालू नकोस. २००७ मध्ये ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने केनिया आणि नेदरलँड्सच्या गुलाबांची तुलना केली, तेव्हा विमानप्रवास मोजूनही डच गुलाबाचा कर्बभार (हवेत सुटणारा कार्बन डायऑक्साइड) पाचपटीहून जास्त निघाला. तिथली हरितगृहं इंधन जाळून ऊबदार ठेवावी लागतात. केनियात ते काम ऊन करतं.

खरी मेख पाण्यात आहे. केनियातलं नैवाशा हे गोड्या पाण्याचं सरोवर १९९५ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि फुलांचे मळे त्याच्याच काठाला खेटून आहेत. मेकॉनेन आणि हुक्स्ट्रा या अभ्यासकांच्या हिशेबाने तिथल्या एका गुलाबामागे ७ ते १३ लिटर पाणी लागतं. तरी सगळं खापर मळ्यांवर फोडू नये. वरच्या खोऱ्यातल्या शेतांतूनही गाळ आणि खतं वाहून येतात, काठावरच्या वस्तीचं सांडपाणी वेगळंच. अर्थात ती वस्ती वाढली मळ्यांच्या रोजगारामुळे, हेही विसरू नकोस.

रोजगार खोटा नाही. खुडणी, प्रतवारी, जुड्या बांधणं यांत बहुतेक बायाच असतात, आणि कायम नोकरी असेल तर महिन्याला ठरलेला पगार मिळतो. पण फूल नाशवंत, म्हणून जोखीम घरंगळत खाली येते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं थांबली. केनियात फुलं टनावारी फेकली गेली आणि रोजंदारीवरच्यांना घरी बसवलं.

फवारणीचं तर नीटच बघ. फूल कोणी खात नाही, म्हणून युरोपात कापलेल्या फुलांवरच्या औषधांच्या अवशेषांना अन्नासारखी कमाल मर्यादा नाही. मग मळ्यात राबणाऱ्याला कोण जपतं ते बघायचं: हरितगृहाच्या दारावरची ‘आत जाऊ नका’ची पाटी फवारणीनंतर किती तास राहते? व्हॅलेंटाइनच्या घाईत ती लवकर उतरते का? फवारणाऱ्याचे कपडे मळ्यावर धुतात की घरी, पोरांच्या कपड्यांबरोबर? मालकाला विचारशील तर छापील उत्तर मिळेल. प्रतवारीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईला विचार, तेही मुकादम जवळ नसताना.

आणि पगारपत्रक मागशील तेव्हा फेब्रुवारीचं नको, मातृदिनाची घाई ओसरल्यानंतरचं, जूनचं माग. हंगामी नावांपैकी किती उरली ते मोज, मग कळव.