दाल्मेशियाच्या किनाऱ्याने शिडाच्या होडीतून : वाचकांचे प्रश्न

क्रोएशियाचा दक्षिण किनारा, म्हणजे दाल्मेशिया, शिडाच्या होडीतून पाहण्याविषयी नाशिककर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (नाशिकरोड) : आम्ही दोन कुटुंबे सप्टेंबरमध्ये एका आठवड्यासाठी स्प्लिटहून होडी भाड्याने घेणार आहोत. दुब्रोव्हनिकला जाऊन परत येणे जमेल का?

नकाशावर जमते, प्रत्यक्षात तो बेत आखू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक या किनाऱ्यावरच्या दोन शहरांमधले अंतर सुमारे शंभर सागरी मैल, म्हणजे साधारण १८५ किलोमीटर भरते आणि भाड्याची होडी ताशी पाच-सहा मैलांपेक्षा फारशी पळत नाही. त्यात भाड्याचा आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो : पहिला शनिवार होडी ताब्यात घेण्यात आणि किराणा भरण्यात संपतो, तर शुक्रवारी संध्याकाळी, डिझेलच्या पंपावरची रांग धरूनच, मूळ बंदरात परतावे लागते. उरलेल्या दिवसांत एकदा जरी वारा तोंडावर आला, तरी बाकीचा आठवडा इंजिनाच्या घरघरीत वेळ गाठण्यात जातो. दुब्रोव्हनिक पाहायचेच असेल, तर होडी परत केल्यावर बसने जावे.

त्याऐवजी ब्राच बेटावरील मिल्ना, तेथून विस बेट, मग ह्वार बेट, त्याच बेटाच्या उत्तरेचे स्तारी ग्राद आणि शेवटी त्रोगिर असा फेरा घ्यावा. विस हे युगोस्लाव्हियाच्या लष्कराचे ठाणे असल्यामुळे १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होते. तेथे आजही मोठी हॉटेले कमी दिसतात, त्याचे एक कारण हेच. शक्य असल्यास तेथे दोन रात्री राहावे. स्तारी ग्रादला धक्क्यावरच्या उपाहारगृहात वेळ घालवण्यापेक्षा गावाबाहेरच्या शिवारात जावे, असे नाशिकच्या माणसाला मी आवर्जून सांगेन. पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आखलेले तेथील शेतांचे चौकोन, दगडी बांधांसह, आजही टिकून आहेत आणि त्यांत द्राक्षे व ऑलिव्ह पिकतात. युनेस्कोने २००८ मध्ये या शिवाराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

प्रश्न (पंचवटी) : मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. तिकडील वाऱ्यांची नावे वाचली. त्यांपैकी घाबरावे असा वारा कोणता?

आपण वर्गात शिकवलेले खारे वारे तेथे मैस्त्रालच्या रूपाने भेटतील. उन्हाळ्यात चांगल्या हवेच्या दिवशी हा वायव्येचा वारा दुपारच्या सुमारास जोर धरतो आणि सूर्यास्ताबरोबर बहुधा पडतो. म्हणून सकाळी शांत पाण्यात निघावे आणि दुपारी शीड उभारावे.

यूगो हा आग्नेयेचा वारा. तो दमट असतो, ढग आणि पाऊस आणतो, मोठ्या लाटा उठवतो. पण एक-दोन दिवस घेऊन वाढत असल्याने आसरा शोधायला वेळ देतो. जपायचे ते बुरापासून. किनाऱ्यामागच्या डोंगरांवरून थंड, जड हवा उतारावरून समुद्रावर कोसळते आणि आकाश निरभ्र असतानाही ईशान्येकडून झपाटे येतात. डोंगरमाथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसलेली दिसली, की तेथील खलाशी शीड आखूड करतात. मुक्कामाची खाडी निवडतानाही हाच हिशेब करावा : विस गावाची खाडी ईशान्येला उघडी असल्याने बुराचा अंदाज असताना तेथे रात्र काढणे सुखाचे नसते. सरकारी हवामान खात्याचा सागरी अंदाज रोज सकाळी ऐकल्याशिवाय दोर सोडू नये.

प्रश्न (इंदिरानगर) : तेथे होडी पाठीमागून धक्क्याला लावतात म्हणे. आम्ही कोकणात असे कधी पाहिले नाही.

कोकणात भरती-ओहोटीचा फरक कित्येक फुटांचा असतो; स्प्लिटच्या परिसरात तो साधारण फूटभर. त्यामुळे होडीची मागची बाजू धक्क्याला दोरांनी बांधून फळीवरून उतरता येते, आणि थोड्या जागेत पुष्कळ होड्या मावतात. पुढची बाजू धरून ठेवायला समुद्राच्या तळाशी काँक्रीटचा ठोकळा आणि त्याला बांधलेला जाड दोर असतो.

होडी मागे येत असताना धक्क्यावरचा कर्मचारी एक बारीक दोरी वर उचलून दाखवतो. ती आकडीच्या काठीने घ्यायची, हातांतून सरकवत होडीच्या पुढच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि तिच्यामागून वर येणारा जाड दोर ताणून खुंट्याला बांधायचा. दोरीवर शेवाळे आणि धारदार शिंपले असतात, म्हणून हातमोजे हवेतच. वारा आडवा असेल, तर मागच्या दोन दोरांपैकी वाऱ्याच्या बाजूचा आधी बांधावा. ही दोरी पाण्यात सैल पडलेली असताना होडीच्या इंजिनाचा पंखा फिरू देऊ नये. त्यात ती गुंतली, की पाणबुड्या बोलवावा लागतो आणि आरडाओरडा होतो तो वेगळाच. ऐन हंगामात ह्वारच्या धक्क्यावर जागा मिळवण्याची झटापट करण्यापेक्षा समोरच्या बेटावरील पाल्मिझाना मरिनात (होड्या लावण्याच्या बंदरात) आरक्षण करून छोट्या बोटीने गावात जावे.

प्रश्न (गंगापूर रोड) : गंगापूर धरणावर होडी चालवण्याचा सराव केला आहे. तेवढ्यावर होडी मिळेल का?

नाही. होडी चालवण्याचा परवाना आणि व्हीएचएफ रेडिओचे (समुद्रावर संपर्कासाठी वापरतात त्या रेडिओचे) प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. कोणते परवाने ग्राह्य धरतात याची यादी तेथील मंत्रालय प्रसिद्ध करते. आपला परवाना त्यात बसतो, हे पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे. नसेल, तर दैनंदिन मानधनावर कप्तान मिळतो. त्याच्यासाठी एक झोपण्याची जागा राखावी लागते आणि जेवणही आपल्याकडेच असते. अनामत रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डावरील परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावेत.

प्रश्न (सिडको) : वाटेत मोंटेनेग्रोलाही जाता येईल का? आणि घरचे खाणे नेता येते का?

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे; शेजारचा देश मोंटेनेग्रो नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा असल्यास बाहेर पडताच तो संपतो आणि होडी परत करायलाही येता येत नाही. अनेक प्रवेशांचा व्हिसा नसेल, तर हा विचार सोडावा. खाण्यापैकी तूप, पनीर असे दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत आणि आवश्यक प्रमाणपत्राशिवाय आपली द्राक्षेही नाहीत. डाळ, तांदूळ आणि भाजी स्प्लिटलाच घ्यावी. तेथील रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या पूर्वेच्या भिंतीलगत सकाळी बाजार भरतो.