बोलणारी खार, हलणारी रेषा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात 'द सीक्रेट ऑफ निम्ह' या १९८२ सालच्या, हाताने रेखाटलेल्या चित्रपटाची ओळख करून दिली होती. शेतात नांगर फिरण्याआधी आजारी पिल्लासह घर हलवायला निघालेली विधवा उंदरीण मिसेस ब्रिस्बी आणि प्रयोगशाळेतून पळालेले, लिहा-वाचायला शिकलेले उंदीर, अशी ती गोष्ट. त्यावर इंदूर आणि देवासहून पत्रं आली. बहुतेकांना चित्रपट बघण्यापेक्षा करण्यातच रस दिसतो, तेव्हा उत्तरंही त्याच अंगाने देतो.

घरातली तीन मुलं मिळून दिवाळीच्या सुट्टीत खार आणि कावळ्याची अर्ध्या मिनिटाची बोलती फिल्म करणार म्हणतात. किती चित्रं काढावी लागतील? सुट्टीत आटपेल का? – एक पालक, सुदामानगर

सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावरच्या एकेक स्थिर छबी), म्हणजे ३० सेकंदांना ७२०. पण एकच चित्र दोन फ्रेम दाखवलं तरी हालचाल सलग दिसते. त्याला 'टूज'वर काढणं म्हणतात. झाली ३६०. तीही सगळी लागत नाहीत. सुरुवातीला झाडावरून, अंगणावरून कॅमेरा सरकतोय असे ८ सेकंद ठेवा, त्याला फक्त एक लांबट रंगीत पार्श्वभूमी पुरते. संवादाचे १२ सेकंद धरले तर अंगाची ४० चित्रं आणि वेगळ्या कागदावर तोंडाची ८. चालण्याची ८ चित्रं टूजवर १६ फ्रेम भरतात, तीच सहा वेळा फिरवली की ९६ फ्रेम, म्हणजे ४ सेकंद. उरलेले ६ सेकंद खरी धावपळ: उडी, पडणं, झटापट. तिथे ७२ चित्रं, आणि त्यातला सगळ्यात वेगवान एक सेकंद प्रत्येक फ्रेमला नवं चित्र देऊन काढला तर आणखी १२. बेरीज १४०.

साफ रेषेसह एका चित्राला २० मिनिटं धरली तर सुमारे ४७ तास. तिघांनी रोज दोन-दोन तास दिले तर आठ दिवसांत रेखाटन संपतं. रंग आणि फोटो धरून सुट्टी पुरेल, फराळ करायला मुलं मिळणार नाहीत एवढंच.

मात्र आधी डोप शीट आखा. हा उभा तक्ता असतो: एक ओळ म्हणजे एक फ्रेम, रकाने अंग, तोंड, पार्श्वभूमी आणि कॅमेरा यांचे. तो न करता थेट चित्रांना हात घातला की कुठलं चित्र कितव्या फ्रेमला परत वापरायचं याचा घोळ होतो आणि मुलांचा उत्साह तिथेच मावळतो. चित्रंही १, २, ३ अशी ओळीने काढू नका. आधी मुख्य मुद्रा, समजा १, ९ आणि १७, मग त्यांच्या मधलं ५ आणि १३, मग उरलेली. ओळीने काढत गेलं की खार हळूहळू जाड होत जाते आणि विसाव्या चित्राला मांजर दिसू लागते.

शाळेत केलेल्या फिल्ममध्ये चित्र सारखं थरथरतं, शिवाय उजेड लुकलुकतो. कॅमेरा चांगला घ्यावा का? – एक शिक्षिका, लोकमान्य नगर

कॅमेऱ्यावर खर्च करू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

थरथर येते ती कागद दर वेळी त्याच जागी न बसल्यामुळे. कार्यालयातल्या साध्या दोन भोकांच्या पंचाने काम होतं. भोकं ६ मिलिमीटरची, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ८० मिलिमीटर. इंदूरच्या सियागंज बाजारातून ६ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत सळी आणा, तिचे दोन तुकडे लाकडी पट्टीत असे बसवा की वर ७-८ मिलिमीटर उरतील. ही झाली पेग बार. सळीऐवजी आटे असलेला बोल्ट लावू नका, आटे कागदाची भोकं कुरतडतात आणि दोन दिवसांत खेळ सैल होतो. पट्टीवर भोकांची खूण मोजपट्टीने करू नका. स्वस्त पंच ८० ला ७९ किंवा ८१ पाडतात, म्हणून पंच केलेला कागदच ठेवून खूण करा आणि शेवटपर्यंत तोच पंच वापरा. एका वेळी पाचपेक्षा जास्त कागद पंच केले की खालच्यांची भोकं सरकतात. तपासणी सोपी आहे: एका कागदावर बारीक फुली काढा, तो दहा वेळा काढून परत बसवा, दर वेळी फोटो घ्या. फुली हलली तर पट्टीत दोष आहे, चित्रात नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो आणि कोरडा झाला की आकसतो. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) वजनाच्या कागदाचं रीम घ्या, फोडल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. आणि प्राणी स्तब्ध उभा असेल तर तीच मुद्रा पुन्हा पुन्हा गिरवू नका; हात कितीही सरावाचा असला तरी रेषा केसभर सरकते आणि उभी खार उकळल्यासारखी दिसते. तिथे एकच चित्र धरून ठेवायचं.

लुकलुक मोबाइलमुळे. तो प्रत्येक फोटोला उजेड, फोकस आणि रंग नव्याने ठरवतो. तिन्ही कुलूपबंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडीखाली आडवे पट्टे येतात. खिडकीला जाड पडदा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एक-एक दिवा. फोटो घेणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पांढऱ्या शाळेच्या सदऱ्यावरचा उजेडही कागदावर पडतो.

मराठी संवादाला ओठ जुळतच नाहीत. इंटरनेटवर मिळणारे तक्ते इंग्रजीचे आहेत. – एक विद्यार्थी, देवास

आवाज आधी, चित्र नंतर. हा क्रम उलटा केला तर पुढचं सगळं फुकट. संवाद ध्वनिमुद्रित करा, संगणकावर त्याची लहर पाहा आणि कोणतं अक्षर कितव्या फ्रेमला येतं ते डोप शीटवर मांडा.

मराठीला आठ तोंडं पुरतात. मिटलेले ओठ प, ब, भ, म ला. खालचा ओठ वरच्या दातांना व ला. मोठं उघडं आ ला, अर्धं उघडं अ ला, ताणलेलं इ आणि ए ला, गोल उ आणि ओ ला. जीभ वर त, द, न, ल, ळ ला. दात जवळ आलेले स, श, च, ज ला. क, ग, ह यांना वेगळं तोंड नको, पुढच्या स्वराचंच द्या. फ बोलणाऱ्याचा ऐकून ठरवा: कुणाचे ओठ मिटतात, बऱ्याच जणांचा दाताला लागतो.

खरी गल्लत अनुस्वारावर होते. मुलं प्रत्येक अनुस्वाराला ओठ मिटवतात. आंबा, खांब, संप यांत ते मिटतात, कारण तिथे अनुस्वार म् होतो. आंगण, पंख, शिंग यांत मिटत नाहीत. अंत, खांदा यांत जीभ वर जाते. गंमत, अंमल यांत ओठ नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहतात. दुसरी चूक लिहिलेलं अक्षर बघून तोंड उघडायची. 'घर' मधल्या र नंतर अ उच्चारला जात नाही, तेव्हा तिथे तोंड उघडायचं कारण नाही. कागद बाजूला ठेवा आणि कानावर भरवसा ठेवा.

नमुना म्हणून कावळा ओरडतो, "बाबा रे, पळ!" हे एका सेकंदात असं बसतं: ब ला मिटलेले २ फ्रेम, आ ४, पुन्हा २ आणि ४, रे ला ४, प ला मिटलेले २, अ ३, ळ ला ३. एकूण २४. ओठ मिटायला किमान दोन फ्रेम द्याव्याच लागतात, एका फ्रेमची मिटणी डोळ्याला दिसत नाही. जागा नसेल तर मागच्या स्वरातून एक फ्रेम उचला, मिटणीतून नाही. अंग टूजवर असलं तरी तोंडाचा रकाना एक-एक फ्रेमने चालवा. आणि तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यावं. मागे पडलं की लगेच खटकतं, थोडं पुढे असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता प्राणी. खारीचा वरचा जबडा हलत नाही, खालचा कानाजवळच्या सांध्यातून उघडतो; माणसासारखं तोंड नाकाखाली चिकटवलं की खार मुखवटा घातल्यासारखी दिसते. कावळ्याला तर ओठच नाहीत, त्यामुळे उ काढायचा कसा हा प्रश्न सोडून द्या. चोच मिटणं आणि उघडणं एवढ्यावर भागवा, जोर मानेने दाखवा. आमच्या मते ओठांना दिलेला निम्मा वेळ डोळ्यांना द्यावा. मान वळण्याआधी पापणी मिटते, कान आवाजाकडे आधी फिरतो, मिशा बोलण्याआधी हलतात. हे असेल तर ओठांची चूक प्रेक्षक माफ करतो.

मिसेस ब्रिस्बीच्या गळ्यातला लाल खडा खरोखर पेटल्यासारखा दिसतो. रंगाने असं कसं जमतं? – एक वाचक, रामबाग

रंगाने जमत नाहीच, तो खराच उजेड आहे. याला बॅकलिट पद्धत म्हणतात. आधी पूर्ण दृश्य वरच्या दिव्यांत टिपतात, पण उजळायचा भाग ठार काळा ठेवतात. काळ्यावरून प्रकाश येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग फिल्म मागे गुंडाळून त्याच फ्रेमवर दुसऱ्यांदा चित्रीकरण: या वेळी सगळं काळं, फक्त खड्याच्या आकाराचं भोक, त्यामागे जेल म्हणजे रंगीत पारदर्शक कागद आणि खालून दिवा. खडा हलत असेल तर प्रत्येक फ्रेमला भोकाचा वेगळा आकार. पारदर्शक सावल्याही अशाच फिल्म कॅमेऱ्यातून अनेकदा फिरवून घेतल्या होत्या.

रंगाचं काम वेगळं. दिवस, रात्र, पाण्याखाली, दिव्याजवळ अशा बदलत्या उजेडांसाठी एकट्या ब्रिस्बीच्या ४६ रंगयाद्या केल्या होत्या. प्रत्येकीत लोकर, सावली, अंगावरचं लाल वस्त्र, सगळं नव्याने ठरवलेलं. डिस्नेचा स्टुडिओ १९७९ मध्ये सोडून बाहेर पडलेल्या डॉन ब्लुथ आणि सहकाऱ्यांना हेच दाखवायचं होतं की जुनी खर्चिक कारागिरी अजून करता येते.

घरी करायचं तर काळ्या कार्डाला भोक पाडा, खाली लाल जिलेटीन कागद आणि एलईडी पॅनल. दोन्ही फोटो वेगळे घ्या आणि क्रितासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुसरा थर 'स्क्रीन' या प्रकाराने वर ठेवा. मार्करने काळा केलेला साधा कागद चालत नाही, त्यातून उजेड झिरपतो आणि रात्रीच्या आकाशात नको ते तारे चमकतात. रंगयाद्या तीन करा: दुपार, संध्याकाळ, रात्र. रात्रीसाठी सगळ्या रंगांत काळा मिसळू नका. निळसर छटा द्या आणि रंगांमधला फरक कमी करा.

मूळ पुस्तकातही जादू आहे का? सहा वर्षांच्या नातवाला दाखवू का? – एक आजोबा, राजवाडा

जादू नाही. रॉबर्ट सी. ओब्रायन यांचं पुस्तक १९७१ चं, त्याला १९७२ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार, मिळालं. जादूचा खडा चित्रपटाने आणला. पुस्तकात नायिकेचं आडनाव फ्रिस्बी आहे, ते फेकायच्या तबकडीच्या व्यापारी नावाशी मिळतंजुळतं म्हणून बदललं.

सहाव्या वर्षी दाखवू नका. अमेरिकेत तो सर्वांसाठी खुला होता खरा, पण त्यात इंजेक्शनचा प्रसंग आहे, तलवारबाजी आहे, रक्त आहे. आठ-नऊ वर्षांनंतर, शेजारी बसून.

आमची खार चालताना कुत्र्यासारखी दिसते आणि पाय जमिनीवर घसरतो. – सुदामानगरमधूनच, दुसरं पत्र

कारण खार चालतेच कमी, ती उड्या घेत जाते. मागचे दोन्ही पाय एकदम ढकलतात, पुढचे आधी टेकतात, मग मागचे त्यांच्याही पुढे येऊन पडतात. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा हा क्रम कुत्र्याच्या, गाईच्या संथ चालीचा. शेपूट अंगाच्या दोन-तीन चित्रं मागून येऊ द्या. अंगणातल्या खारीचं मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेमने चित्रण करा. त्यातली दर दहावी फ्रेम म्हणजे तुमचं टूजवरचं एक चित्र. मोठी जनावरं बघायला नवलख्याचं कमला नेहरू प्राणिसंग्रहालय आहे. 'बॅम्बी' या हरणाच्या पाडसावरच्या चित्रपटासाठी डिस्नेच्या स्टुडिओत जिवंत हरणं आणून चित्रकारांना समोर बसवलं होतं. त्यावर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेत शिकवायला आले, आणि तिथून हरणांचीच एक जातककथा चित्रित झाली.

घसरण्याचं कारण गणितात आहे. टेकलेला पाय प्रत्येक चित्रात ६ मिलिमीटर मागे जात असेल तर पार्श्वभूमीही दर चित्राला ६ मिलिमीटरच सरकली पाहिजे. चित्र दोन फ्रेम टिकतं म्हणून पार्श्वभूमी दर फ्रेमला ३-३ मिलिमीटर सरकवली तर बेरीज जुळते, पण पाय थरथरतो. दोन्ही एकाच तालात हलवा.

जुन्या पद्धतीने पारदर्शक सेलवर (प्लास्टिकच्या तावावर) रंगवायचं आहे. काय आणू? – तेच, शेवटचा प्रश्न

ओएचपी शीट, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक शीट, १०० मायक्रॉनची. खजुरी बाजारात चौकशी करा. रेषा पुढून, रंग मागून. डोळ्यातला ठिपका आधी, बुबुळ नंतर, अंग सगळ्यात शेवटी. पोस्टर कलर वाळला की पापुद्रे निघतात, ॲक्रिलिकच घ्या. सुती हातमोजे घाला, बोटांचे तेलकट ठसे दिव्याखाली चमकतात. एकावर एक चारपेक्षा जास्त शीट नकोत, प्रत्येक थर खालचा रंग थोडा मळकट करतो. म्हणूनच कावळा उडून गेल्यावर त्याच्या जागी कोरी शीट ठेवा, नाहीतर खार मध्येच उजळते. रंगवलेल्या शीटमध्ये बटर पेपर घालून उभ्या ठेवा. मे महिन्यात आडवी थप्पी लावली तर रंग वरच्या शीटला चिकटून निघून येतो.