वनस्पतिशास्त्राच्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत कोण कोण काम करतं? पीएच.डी.ला गेल्यावर माझ्या वाट्याला नेमकं काय येईल?

तुमचं एम.एस्सी. बॉटनी झालंय, नेटचा (प्राध्यापकपद आणि फेलोशिपसाठीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास चालू आहे आणि घरचे 'लॅबमध्ये जाऊन करणार काय' असं विचारताहेत, एवढं तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय. मी महाराष्ट्रातल्याच एका विद्यापीठात टिश्यू कल्चरमध्ये (वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याच्या तंत्रात) पीएच.डी. केली, कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियावर. म्हणून तिथलंच सांगते. शैवालांच्या किंवा डीएनएवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तपशील बदलतील, माणसं साधारण हीच असतात.

गाइड प्रयोगशाळेत फारसे दिसत नाहीत. तास, परीक्षा, पेपर तपासणी, नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि निधीसाठी प्रकल्पाचे प्रस्ताव यातच त्यांचा दिवस जातो. प्रस्ताव मंजूर झाला तरच रसायनं येतात, त्यामुळे हे काम दुय्यम समजू नका. चांगला गाइड ओळखायचा तो एकाच गोष्टीवरून: तुमचा कुठला प्रयोग आता थांबवायचा, हे तो वेळेवर सांगतो.

मग पीएच.डी.ची मुलं. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० आणि वर घरभाडं. शेजारच्याच टेबलावर प्रोजेक्टवरचा सहायक बसलेला असतो. तोही तेच काम करतो, पण बऱ्याचदा कमी पैशांत आणि प्रकल्प संपेपर्यंतच. हा फरक मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. एम.एस्सी.ची मुलं डेझर्टेशनपुरती काही महिने येतात. त्यांना शिकवायचं काम गाइडचं नसतं, ते तुमच्यावर येईल.

रोजचं काम म्हणजे मीडिया करणं, म्हणजे तुकडे ज्यावर वाढतात ते पोषक मिश्रण. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी तंबाखूच्या ऊतींसाठी १९६२ मध्ये जो क्षारांचा फॉर्म्युला दिला, तोच एमएस मीडिया आजही जगभर वापरतात. त्यात साखर, अगार आणि संप्रेरकं घालायची, पीएच ५.८ ला आणायचा, बाटल्या भरून ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावायच्या: १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. नंतर लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत असलेल्या टेबलावर, बसून पेराचे तुकडे निर्जंतुक करून लावायचे. साधारण महिन्याभराने सब-कल्चर, म्हणजे तीच रोपं नव्या मीडियावर. दिवाळीची सुट्टी असली तरी कुणाला तरी यावंच लागतं.

आमच्याकडे ऑटोक्लेव्ह आणि बाटल्या धुणं लॅब अटेंडंट मामांकडे होतं. कंटॅमिनेशन, म्हणजे बाटलीत शिरलेली बुरशी किंवा जिवाणू, वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले. काहीही न लावलेल्या बाटल्यांमध्येच बुरशी आली तर ऑटोक्लेव्हमध्ये किंवा झाकणांत गडबड आहे. तुकड्याच्या भोवतीच पांढुरकं वलय दिसलं तर पृष्ठभाग नीट निर्जंतुक झालेला नाही. मीडियावर इकडेतिकडे ठिपके उठले तर लॅमिनारचा फिल्टर तपासा, नाहीतर बसणाऱ्याचा हात. बाटली प्रकाशासमोर धरून मामा हे क्षणात सांगायचे.

दुसरे माळीकाका. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या रोपांच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. थेट बाहेर आणलं तर ती तासाभरात माना टाकतात. म्हणून कोकोपीटमध्ये लावून वर पॉलिथिन झाकायचं आणि ते हळूहळू उघडत न्यायचं. याला हार्डनिंग म्हणतात. वर्षभराचं काम याच टप्प्यावर मातीला मिळू शकतं. पॉलिथिन आज उघडायचं की उद्या, हे आमच्याकडे काका ठरवत. सरही त्यांना विचारत.

आणि वर्गीकरणवाले. कंदीलपुष्पाच्या काही जाती फुलाशिवाय ओळखणं फार कठीण. छोट्या माश्यांना काही काळ आत अडकवून परागीभवन करून घेणारं ते कंदिलासारखं फूल पावसाळ्यातच येतं, बहुतेकदा गणपतीच्या आगेमागे. म्हणजे सगळे घरी जातात तेव्हा आम्ही वनखात्याची परवानगी घेऊन सह्याद्रीत. कंद उपटायचा नाही, वेलीचं एखादं पेर किंवा थोडं बी आणायचं. सोबत एक नमुना हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी. जात पक्की झाल्याशिवाय आमचे सर पुढचा एकही प्रयोग करू देत नसत, आणि ते योग्यच होतं. जात चुकीची असेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही. या गटाचा अभ्यास समजून घ्यायचा असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात काम केलेल्या प्रा. एस. आर. यादव यांचं काम जरूर वाचा.

माझं मत विचाराल तर, पीएच.डी.वाले पाच-सहा वर्षांत निघून जातात. वर्षानुवर्षं टिकतात ते मामा, काका आणि हर्बेरियम सांभाळणारी माणसं. प्रयोगशाळेचं अर्धंअधिक शहाणपण त्यांच्याकडे असतं आणि शोधनिबंधाच्या 'मटेरियल अँड मेथड्स'मध्ये ते उतरत नाही. आभारात त्यांचं नाव शेवटच्या ओळीत येतं, काही ठिकाणी तेही नाही. अनेक विद्यापीठांत ही पदं निवृत्तीनंतर भरलीच जात नाहीत, कंत्राटावर चालवतात. दर वर्षी माणूस बदलला की तेच कंटॅमिनेशन पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेत एक दिवस जाऊन या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी गाइड समोर नसताना बोला: फेलोशिप किती महिने उशिरा येते, आधीच्या मुलांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात का, वीज गेल्यावर कल्चर रूमचा एसी जनरेटरवर चालतो का. मग ऑटोक्लेव्ह कोण लावतं ते विचारा आणि त्या माणसाशीही बोला. त्याला नवीन मुलांना शिकवायची सवय असेल आणि गाइड त्याला नावाने ओळखत असतील, तर तिथे अर्ज करा.