लिथियम चालू असताना जुलाब लागले, तर रात्रीचा डोस द्यायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या खाजगी रुग्णालयाचा मानसोपचार वॉर्ड, रुग्णाला सकाळी ३०० आणि रात्री ६०० मिलिग्रॅम लिथियम (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारात मूड स्थिर ठेवणारं औषध). दुपारपासून चार-पाच जुलाब, एक उलटी, हाताची थरथर वाढलेली. अंग दुखतंय म्हणून नातेवाइकांनी कॉम्बिफ्लाम दिली. आरएमओ (वॉर्डचे निवासी डॉक्टर) फोन उचलत नाहीत आणि सोबतच्या सिस्टर म्हणतात, चार्टवर लिहिलंय तर देऊन टाक.

देऊ नका. लिथियमचं शरीरात विघटन होत नाही, जवळजवळ सगळं मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. जुलाबात पाणी आणि मीठ गेलं की ते सोडियम धरून ठेवायला लागतं, आणि त्याबरोबर लिथियमही धरतं. कॉम्बिफ्लाममधलं आयब्युप्रोफेन हा निचरा आणखी कमी करतं. डायक्लोफिनॅकचंही तेच, पॅरासिटामॉलचं तसं नाही. म्हणजे गोळी तेवढीच राहिली तरी रक्तातली लेव्हल चढत जाते. एक डोस चुकल्याने आजार लगेच उलटत नाही, कारण औषध निम्मं व्हायलाच साधारण एक दिवस लागतो. दिलेला डोस मात्र परत घेता येत नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलसुद्धा (पोटातलं विष शोषून घ्यायला देतात ती कोळशाची पूड) लिथियमला धरत नाही.

आता रुग्णाकडे जा. हात पुढे करायला सांगा, पाण्याचा ग्लास धरायला द्या. बारीक थरथर नेहमीच्या डोसलाही असते. जाड, झटक्यांसारखी थरथर आणि स्नायू फडफडणं ही विषबाधेची खूण. आधार देऊन चार पावलं चालवा, तोल जातो का पाहा. बोलणं जड झालंय का, वार आणि ठिकाण नीट सांगतो का, तेही बघा. नाडी, बीपी, ताप आणि शेवटची लघवी कधी झाली हे टिपा. मानसोपचार वॉर्डातली सगळ्यात घातक चूक इथेच होते: गुंगीत असलेला, अडखळत बोलणारा रुग्ण दिसला की ‘रात्रीच्या गोळ्यांची झोप आहे’ किंवा ‘आजारच वाढलाय’ असं धरलं जातं.

रक्ताच्या सॅम्पलमध्ये दोन ठिकाणी गफलत होते. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा लिथियम हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं, लिथियम असलेलं द्रव्य) असतं. त्यात रक्त घेतलंत तर लेव्हल खोटी वाढलेली येईल, म्हणून लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब घ्या. दुसरं वेळेचं. नेहमीची लेव्हल शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढतात, पण विषबाधेचा संशय असेल तर तेवढं थांबायचं नाही. डॉक्टरांशी बोलून लगेच घ्या आणि फॉर्मवर शेवटच्या डोसची वेळ लिहा. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी. देखभालीच्या उपचारात लेव्हल साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या वर धोका. तरीही दीर्घकाळ औषध घेणाऱ्या किंवा वयस्क रुग्णात आकडा ‘नॉर्मल’ असूनही विषबाधा असू शकते. रिपोर्ट सकाळी येणार असेल तर त्यासाठी थांबू नका. लक्षणांवरून पुढे जा.

आरएमओ मिळत नसतील तर दुसरे ऑन-कॉल, मग थेट मानसोपचारतज्ज्ञ, त्याच वेळी नर्सिंग सुपरवायझर. फोनवर आधी मुद्दा सांगा: ‘रोज ९०० मिलिग्रॅम लिथियमवर असलेला रुग्ण, पाच जुलाब, आयब्युप्रोफेन घेतलंय, जाड थरथर आहे, रात्रीचा डोस थांबवलाय, लेव्हल पाठवू का, सलाईन लावू का?’ सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळ आणि नाव लिहा. सलाईन चालू असताना सोडियमवर लक्ष ठेवा. लिथियममुळे लघवी पातळ आणि भरपूर होणाऱ्या रुग्णात सोडियम चढू शकतं. लघवी वाढवायला फ्युरोसेमाइड देणं इथे चुकीचं. गुंगी वाढली, फिट (आकडी) आली किंवा नाडी अनियमित झाली तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं लागेल, त्याची तयारी आधीच करा.

‘चार्टवर होतं म्हणून दिलं’ हे उत्तर उद्या कुणी मान्य करणार नाही. ती ऑर्डर लिहिली तेव्हा रुग्णाला जुलाब नव्हते. बदल तुम्हाला दिसला, म्हणून डोस देण्याआधी विचारणं तुमचंच काम. पण मर्यादाही लक्षात ठेवा: एक डोस रोखून लगेच कळवायचं, पुढचं मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. कुणाला न विचारता दिवसामागून दिवस थांबवलं तर उन्माद उलटू शकतो. नोंदीत ‘डोस दिला नाही’ एवढंच नको. ‘रात्री ९:०० चा लिथियम ६०० रोखला, कारण अमुक लक्षणं, ९:०५ आणि ९:१५ ला फोन केले, उत्तर नाही, ९:२० ला अमुक डॉक्टरांना कळवलं’ असं लिहा. पाळी बदलताना हँडओव्हरलाही तोंडी सांगा.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना बसवून समजवा, कारण आपल्याकडे हे घरीच बिघडतं. लिथियमने वारंवार लघवी लागते, आणि ठाणे-वाशी लोकलने जाणारे, विशेषतः बायका, वाटेत सोय नाही म्हणून पाणीच कमी पितात. मे महिन्याच्या दमट उकाड्यात घामातून मीठ जातं. उपासाला अळणी खाणं, बीपी वाढलं म्हणून मीठ एकदम बंद करणं, कुणी नवीन टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) किंवा लघवीची गोळी सुरू करणं, या सगळ्याने लेव्हल चढते. म्हणून मीठ रोज सारखंच, पाणी दोन-तीन लिटर (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून), अंगदुखीला पॅरासिटामॉल, चुकलेला डोस दुप्पट करायचा नाही, एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी कुटायची नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करायचा. हे फाइलवर मराठीत लिहून द्या आणि दर सहा महिन्यांनी लेव्हल, क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम तपासायची तारीखही त्यावर टाका.