देवाने पूर्वी वाचवलं होतं हे आठवत राहून श्रद्धा टिकते का?

टिकते. पण तुम्ही पुढे विचारलंय, 'एकदा मनापासून आभार मानले की पुरे नाही का, नियम कशाला पाळायचे?' हे वाक्य मी 2005 पासून आमच्याच घरात ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. 26 जुलैच्या पावसात माझे धाकटे दीर दुकानाचा माल आणायला कुर्ल्याला गेले होते. मिठी नदी फुगली, कलिन्याजवळ पाणी छातीला लागलं. एका इमारतीतल्या बायकांनी साड्यांना गाठी मारून खाली सोडल्या आणि त्यांना वर ओढून घेतलं. इकडे फोन लागेना, लोकल बंद. सासूबाई रात्रभर दाराशी शेमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणत बसल्या आणि एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, मालिद्याच्या ताटाचा नवस बोलल्या. भाऊजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळांवरून चालत आले. तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, आणि मनगटावर साडीच्या पिळाचा काळानिळा वळ.

मालिदा थाटात झाला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, ताटाभोवती फळं. 'एलियाहू हनाबी' हे गीत म्हणताना भाऊजी सर्वांसमोर रडले, आणि ते रडणं खरं होतं. पण पुढच्याच महिन्यात शनिवारी, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवशी, शब्बाथाला, दुकान उघडायला लागले. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, नवस फेडला ना? हिशोब मिटला."

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. देवाशी हिशोब मिटतो हे आलं कुठून? दहा आज्ञांतलं पहिलंच वाक्य सुटकेचं आहे : मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून तुला बाहेर काढलं तो मी. 'हे करू नकोस, ते करू नकोस' त्याच्यामागून येतं. शब्बाथाचं कारण आमच्या धर्मग्रंथातल्या निर्गम या पुस्तकात सृष्टीच्या निर्मितीशी जोडलंय, पण अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सरळ म्हटलंय की तू मिसरात गुलाम होतास हे आठव, म्हणून हा दिवस पाळ. गुलामाला कसली सुट्टी? म्हणून त्याच आज्ञेत नोकर, मोलकरीण, बैल, गाढव सगळ्यांना विसावा आहे. भाऊजींच्या दुकानातली दोन पोरं शनिवारी शिडीवर चढून खोकी काढत असतात. ज्याला आपली सुटका आठवते त्याला हे दिसायला हवं. मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

आमच्या परंपरेत सांगतात, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली. शेमा राहिला आणि शनिवार राहिला. त्या दिवशी त्यांचे तेलाचे घाणे बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. त्यांनाही शनिवारी गिऱ्हाईक येतच असणार.

आता हेही सांगायला हवं की नुसत्या आठवणीने माणूस सुधारत नाही. मिसरातून निघताना समुद्र दुभंगलेला ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांनीच पुढे पुजायला सोन्याचं वासरू केलं. आणि ज्यांचं माणूस परत आलं नाही त्यांच्यापुढे यातलं काही बोलू नका. नवगावला बुडालेल्यांना पुरल्याची जागा आहे. 26 जुलैलाही कितीतरी जण घरी पोचले नाहीत. ते का गेले आणि आमचे भाऊजी का वाचले, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आहे म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तुमच्या घरात कुणी असं वाचलं असेल तर ती गोष्ट मुलांना त्याच माणसाच्या तोंडून, गावाच्या नावासकट आणि बारीकसारीक तपशिलासकट ऐकवा. हग्गादा, म्हणजे पेसाह या सुटकेच्या सणाला वाचायची पोथी, म्हणते, प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून निघालो असं मानावं. अनुवादात तर मुलगा विचारतो नियमांबद्दल आणि बापाने सांगायची असते गुलामीची आणि सुटकेची गोष्ट. आमच्याकडे पेसाहच्या सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, मिसरची गोष्ट झाली की भाऊजी कलिन्याची सांगतात. यंदा त्यांच्या धाकटीने मध्येच विचारलं, "बाबा, मग आपलं दुकान शनिवारी उघडं का असतं?" भाऊजींनी विषय बदलला. त्यांनी पोरीला उत्तर द्यायला हवं होतं.