व्हर्जनच्या क्रमांकावर हसावे की रडावे?

एखाद्या सॉफ्टवेअरचा व्हर्जन क्रमांक 3.141592653 असा खरोखर असू शकतो का, की ही प्रोग्रॅमर मंडळींची थट्टा आहे, असे आपण विचारले आहे. क्रमांक खरा आहे आणि थट्टाही खरीच आहे.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या टेक (TeX) या अक्षरजुळणी प्रणालीचा तो 2021 सालचा क्रमांक. प्रत्येक दुरुस्तीनंतर पाय (π) या गणिती स्थिरांकाचा पुढचा एक अंक जोडला जातो. त्यांच्याच मेटाफाँट या अक्षरवळणे घडवणाऱ्या प्रणालीचा क्रमांक त्याच रीतीने ई (e) या स्थिरांकाकडे सरकत 2021 मध्ये 2.71828182 झाला. आपल्या मृत्यूनंतर टेकचा क्रमांक कायमचा पाय करावा आणि तोवर उरलेल्या सगळ्या चुकांना वैशिष्ट्ये मानावे, अशी त्यांनी इच्छा लिहून ठेवली आहे. मला हा विनोद सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण जोडलेला प्रत्येक अंक आधीच्यापेक्षा कमी किमतीचा असतो आणि प्रणाली आता जवळजवळ स्थिरावली आहे हे वापरणाऱ्याला नुसत्या क्रमांकावरून कळते.

इतरत्र क्रमांक एवढे बोलके नसतात. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला क्रमांक 4.10 होता, म्हणजे 2004 सालचा ऑक्टोबर; 2006 मध्ये एप्रिलची आवृत्ती लांबून जूनमध्ये आली, तेव्हा 6.04 ऐवजी 6.06 असे लिहून उशिराची कबुली क्रमांकातच द्यावी लागली. विंडोज 7 मात्र आतून स्वतःला 6.1 म्हणवते, कारण क्रमांकाचा पहिला आकडा तपासणारे जुने प्रोग्रॅम 7 पाहून अडले असते.

ऐरोलीत माझ्या कार्यालयात सर्वाधिक चेष्टा होते ती 1.9 नंतरच्या 1.10 ची. हा दशांश अपूर्णांक नसून ठिपक्याने वेगळे केलेले दोन स्वतंत्र आकडे आहेत, हे ग्राहकाला प्रत्येक रिलीजच्या वेळी नव्याने समजवावे लागते. वाशीत सेक्टर 30 आणि 30ए शोधत फिरलेल्या माणसाला ते लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. संगणकाची अडचण वेगळी: क्रमांक मजकूर म्हणून लावले, तर 1.10 हा 1.9 च्या आधी येतो आणि नवी आवृत्ती जुनी ठरते.

लिनक्सच्या 4.20 नंतर थेट 5.0 का आले, याचे कारण त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2019 मध्ये मिस्कीलपणे असे दिले, की मोजायला हातापायांची बोटे संपली.